हलणारी भिंगे, स्थिर प्रतिमा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका विज्ञानशिक्षकांचा फोन आला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला मिररलेस कॅमेरा द्यायचे ठरवले होते. कॅमेरा कोणता ते ठरले, पण लेन्सपाशी घोडे अडले. पैसे एकाच लेन्सपुरते. तिनेच विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, सहल, वर्गाचा सामूहिक फोटो आणि जमल्यास शाळेच्या बागेतली फुले असे सगळे टिपायचे. दुकानदाराने तीन पर्याय सांगितले होते: कॅमेऱ्यासोबत स्वस्तात मिळणारी २८-७० एफ ३.५-५.६, मधली २४-१०५ एफ ४ आणि बरीच महाग अशी २४-७० एफ २.८.

सर म्हणाले, "हे आकडे मला वाचता येतात हो. पण तिन्ही लेन्स जवळपास तेच काम करतात, मग किमतीत एवढा फरक कशाचा? आणि जी सर्वांत महाग, तिची धाव सर्वांत कमी, हे कसे?"

प्रश्न रास्त होता. फोनवर आम्ही काहीबाही सांगितले, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे तर आमचेही झाले नाही. असे आकडे कोणी एका दिवशी बसून ठरवलेले नसतात. त्यामागे काच, गणित आणि लेथ यांची शंभर-सव्वाशे वर्षांची ओढाताण आहे. ती समजली तर दुकानातली निवड थोडी सोपी होते, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. या लेखात 'भिंग' म्हणजे काचेचा एक तुकडा, प्रयोगशाळेच्या कपाटात असतो तसा. 'लेन्स' म्हणजे कॅमेऱ्याला बसवायची ती सबंध नळी, जिच्यात अशी अनेक भिंगे असतात. २४, ७०, १०५ हे लेन्सचे मिलिमीटरमधले नाभीय अंतर. ज्या कॅमेऱ्याच्या संवेदकाची चौकट जुन्या फिल्मइतकी, म्हणजे ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असते, त्याच्यासाठी एक साधे त्रैराशिक पुरते: ३६ ला नाभीय अंतराने भागा आणि आपण जितके दूर उभे आहोत त्या अंतराने गुणा, की फोटोत किती रुंदी मावेल ते कळते. सहा मीटरवरून ४३ मिमीच्या लेन्समध्ये सुमारे ५ मीटर मावतात, ३५ मध्ये ६.२, २८ मध्ये ७.७ आणि २४ मध्ये ९ मीटर. वर्गाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकवून फोटो काढणाऱ्या शिक्षकाला ७० आणि १०५ मधल्या फरकापेक्षा २८ आणि २४ मधला फरक जास्त जाणवतो. कारण मागे सरकायला जागाच नसते.

इथेच एक गैरसमज दूर करून टाकू. झूम केले म्हणजे आपण वस्तूच्या जवळ गेलो, असे मुलांना वाटते (मोठ्यांनाही वाटते). तसे नसते. शाळेच्या इमारतीसमोर एक मुलगा उभा करा. एकाच जागेवरून २४ वर एक आणि ७० वर एक फोटो काढा. पहिल्या फोटोचा मधला भाग कापून मोठा केला, तर मुलगा आणि इमारत यांच्या आकारांचे प्रमाण दुसऱ्या फोटोतल्याइतकेच निघते. आता चार पावले पुढे जाऊन फोटो काढा, म्हणजे मुलगा मोठा होतो आणि इमारत जवळजवळ तेवढीच राहते. हे प्रमाण ठरते ते आपण कुठे उभे राहतो त्यावर. झूम फक्त चौकट कापते.

मग एवढेच करायचे तर त्यात अवघड काय? दोन भिंगांमधले अंतर बदलले की संयुक्त नाभीय अंतर बदलते, हे अकरावी-बारावीच्या पुस्तकातही असते. अवघड काय ते कळण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. साहित्य बहुतेक शाळांत मिळेल: २० सेमी नाभीय अंतराचे एक अंतर्गोल भिंग, १५ सेमीचे एक बहिर्गोल भिंग, मीटरपट्टी, स्टँड आणि पांढरा कागद.

खिडकीतून दूरचे काहीतरी पाहा. समजा, पन्नास मीटरवर पाच मीटर उंचीची पाण्याची टाकी आहे. अंतर्गोल भिंग टाकीकडे, त्याच्या मागे बहिर्गोल भिंग आणि त्याच्या मागे कागद. दोन भिंगांत आधी ५ सेमी अंतर ठेवा. दुरून येणारे किरण अंतर्गोल भिंगातून असे पसरतात, की जणू ते त्याच्या पुढे २० सेमीवरून निघाले आहेत. म्हणजे बहिर्गोल भिंगाच्या दृष्टीने वस्तू २५ सेमीवर. भिंगाचे सूत्र वापरले की प्रतिमा त्याच्या मागे ३७.५ सेमीवर येते. या जोडीचे संयुक्त नाभीय अंतर ३० सेमी आणि टाकीची उलटी प्रतिमा ३ सेमी उंच.

आता भिंगांमधले अंतर १० सेमी करा. नाभीय अंतर २० सेमी होते आणि प्रतिमा २ सेमीची. अंतर १५ सेमी केले तर नाभीय अंतर १५ आणि प्रतिमा दीड सेमीची. झाली आपली दुपटीची झूम! पण दर वेळी कागदावरची प्रतिमा पुसट होते. कारण बहिर्गोल भिंगापासून ती आधी ३७.५ सेमीवर होती, मग ३० वर आली आणि शेवटी २६.२५ वर. कॅमेऱ्यात कागदाच्या जागी फिल्म किंवा संवेदक असतो, तो हलवता येत नाही. म्हणजे भिंगांनाच असे हलावे लागेल की त्यांच्यातले अंतर तर बदलेल, पण प्रतिमा जागची ढळणार नाही.

हिशेब करून पाहा. कागद एका जागी पक्का धरला, तर मागचे भिंग कागदापासून ३७.५, ३० आणि २६.२५ सेमी अशा जागा घेत सरळ कागदाकडे सरकते. पुढचे भिंग मात्र ४२.५, ४० आणि ४१.२५ अशा जागा घेते. ते आधी मागे येते आणि मग पुन्हा पुढे जाते! दोन भिंगांच्या दोन वेगवेगळ्या चाली, त्यातली एक उलट फिरणारी, आणि दोन्ही एकाच कडीने एकाच वेळी चालवायच्या. झूम लेन्सचा सगळा इतिहास हा या दोन चालींचा मेळ घालण्याचा इतिहास आहे.

भिंग सरकवून वर्धन बदलण्याची कल्पना दुर्बिणीच्या लोकांना आधीच ठाऊक होती. १८३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पीटर बार्लो यांनी दुर्बिणीत जास्तीचे अंतर्गोल भिंग घालून ते केले. आकाशनिरीक्षण करणाऱ्या वाचकांना बार्लो भिंग माहीत असेलच. पण दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस प्रतिमा पुसट झाली की पुन्हा फोकस करून घेतो, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. नाभीय अंतर बदलत असताना प्रतिमा स्पष्टच राहील अशा लेन्सचे पेटंट अमेरिकेत क्लाइल अ‍ॅलन यांनी १९०२ साली घेतले. मात्र अशा लेन्सची खरी निकड ज्यांना होती, ते सिनेमावाले तेव्हा नुकतेच कुठे उभे राहत होते.

सिनेमात दृश्य चालू असतानाच चौकट बदलायची असते. मध्येच प्रतिमा पुसट झाली तर सगळ्या प्रेक्षकांना दिसते. १९२७ च्या 'इट' या अमेरिकन मूकपटाच्या सुरुवातीच्या दृश्यात झूमचा वापर आहे. पुढे इंग्लंडमधल्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या कारखान्यात आर्थर वॉर्मिशम यांनी रचलेली, ४० ते १२० मिमीची 'व्हेरो' ही लेन्स १९३२ साली बाजारात आली. कारखान्यात तयार होऊन विकली गेलेली ही पहिली झूम मानतात. (झूम हा शब्द त्याआधी वैमानिकांचा होता. विमान एकदम तीव्र चढणीने वर घेणे म्हणजे झूम.)

खरा उठाव झाला दुसऱ्या महायुद्धानंतर, दूरचित्रवाणीमुळे. तोवर कॅमेऱ्याच्या तोंडाशी एका फिरत्या चकतीवर तीन-चार लेन्स बसवलेल्या असत. चकती फिरवायची की दृश्य क्षणभर तुटणार. मूळचे व्हिएन्नाचे आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते फ्रँक बॅक यांनी 'झूमर' ही लेन्स तयार केली आणि १९४७ च्या सुमारास बेसबॉलच्या सामन्यांच्या प्रक्षेपणात ती दिसू लागली. बॅक यांनी आपल्या प्रयोगातली ती उलट फिरणारी चाल टाळण्यासाठी वेगळीच वाट काढली. हलणारी सगळी भिंगे त्यांनी एकाच नळीत पक्की जोडली. त्यांच्यामध्ये काही भिंगे न हलणारी ठेवली. नळी सरळ पुढेमागे सरकते, आणि भिंगांच्या शक्ती अशा निवडलेल्या असतात, की प्रतिमा थोडी पुढे थोडी मागे झाली तरी तो फरक डोळ्याला जाणवू नये. यात वाकडी खाच कापावी लागत नाही, म्हणून यांत्रिक काम सोपे होते. पण भिंगांची संख्या वाढते आणि प्रतिमा अगदी अचूक अशी दोन-चार ठिकाणीच असते, बाकी सगळा 'चालून जाईल' असा व्यवहार. फ्रान्समध्ये रोजे क्युव्हिये यांनी रचलेली 'पान-सिनोर' याच वाटेने गेली.

दुसरी वाट म्हणजे आपल्या हिशेबातल्या चाली जशाच्या तशा मान्य करायच्या. नळीवर त्या वक्राच्या आकाराची खाच कापायची आणि भिंगाच्या चौकटीला जोडलेली खुंटी तिच्यातून फिरवायची. खाच जराशी चुकली, खुंटी जराशी सैल पडली, की प्रतिमा उडी मारते. लेथ आणि मिलिंगची यंत्रे तेवढी अचूक होईपर्यंत हा मार्ग बेभरवशाचा होता. फ्रान्समधल्या पिएर आंजेनिये यांनी तो भरवशाचा करून दाखवला. त्यांच्या दहापट धावणाऱ्या झूमला १९६४ साली ऑस्करच्या संस्थेचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुढे सत्तरीच्या दशकात आपल्या हिंदी चित्रपटांत खलनायकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा कसा धावून जाई, ते आमच्या पिढीला सांगायला नको. हत्यार हाती आले की थोडा अतिरेक होतोच.

स्थिर छायाचित्रांच्या कॅमेऱ्याला मात्र झूम मिळायला १९५९ साल उजाडले. यामागे दोन-तीन कारणे होती. सिनेमाची, विशेषतः १६ मिमी फिल्मची चौकट लहान असते आणि लहान चौकटीच्या कडांपर्यंत प्रतिमा चांगली ठेवणे सोपे असते. शिवाय सिनेमातले चित्र सेकंदाच्या चोविसाव्या भागात निघून जाते. फोटो भिंतीवर टांगतात आणि लोक त्याकडे टक लावून पाहतात.

तिसरे कारण गणिताचे, आणि ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेत्सवाल यांनी १८४० साली व्यक्तिचित्रांसाठी चार भिंगांची लेन्स गणिताने रचली, तेव्हा त्यांच्या मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले आकडेमोडीत तरबेज सैनिक दिले होते. चार भिंगे, तीही न हलणारी, तरी एवढी फौज! लेन्स रचणे म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर कसा वळतो हे साइन आणि लॉगॅरिथमच्या कोष्टकांतून काढत जाणे. उत्तर पसंत पडले नाही की एखादी वक्रता बदलून सगळे पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेला लॉगटेबल घेऊन बसलेल्या आमच्या पिढीला त्याची थोडीफार कल्पना येईल. झूममध्ये भिंगे चौपट आणि हाच हिशेब किमान तीन-चार वेगवेगळ्या स्थितींसाठी करायचा. म्हणूनच संगणक हाती येताच त्याचा उपयोग ओळखणाऱ्यांत लेन्सवाले होते. जर्मनीत लाइट्स कंपनीने कोनराड झूझ यांच्याकडून घेतलेला रिलेवर चालणारा संगणक १९५३ साली बसवला. जपानमध्ये फूजी फिल्मच्या बुंजी ओकाझाकी यांनी सुमारे १,७०० निर्वात नलिकांचा 'फूजिक' हा संगणक १९५६ साली पुरा केला. तो जपानमधला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आणि तो लेन्सच्या आकडेमोडीसाठी बांधलेला होता!

चौथी अडचण काचेची. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १९५९ च्या त्या पहिल्या लेन्समध्ये १४ भिंगे ११ गटांत होती, म्हणजे हवेला लागून असलेले पृष्ठभाग २२. विद्यार्थ्यांना ०.९६ चा बावीसावा घात काढायला सांगा. उत्तर येते सुमारे ०.४१. निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच गेला आणि त्यातला काही आतल्या आत ठेचकाळत फिल्मवर धुक्यासारखा पसरला. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तन रोखणाऱ्या पातळ लेपाचे पेटंट घेतले. लेपामुळे दर पृष्ठभागाचा तोटा १ टक्क्यावर आला, तर २२ पृष्ठभागांनंतरही ८० टक्के प्रकाश पोचतो. लेप नसता तर झूम लेन्स कागदावरच राहिली असती.

ती १९५९ ची लेन्स म्हणजे फोइग्टलेंडर-झूमर, ३६ ते ८२ मिमी, एफ २.८. रचनाकार तेच फ्रँक बॅक. पेत्सवाल यांची लेन्सही याच फोइग्टलेंडर कंपनीने, ती व्हिएन्नात असताना बनवली होती. लेन्स अवजड होती, पुढचे तोंड इतके रुंद की फिल्टर ९५ मिमीचा लागे. पण चौकट आडवी धरून गर्दीचा फोटो आणि तिथूनच एका चेहऱ्याचा फोटो, ही 'सर्वकामी' लेन्सची कल्पना तिच्यापासून सुरू झाली.

ती कल्पना लोकांच्या गळ्यात पडली १९६३ साली, निकॉनच्या ४३-८६ एफ ३.५ ने. नऊ भिंगे, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. ४३ हा आकडा पाहा: ३६ बाय २४ च्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी. म्हणजे ही लेन्स 'नेहमीच्या' नजरेपासून सुरू होऊन दुपटीवर थांबते, रुंद बाजूला जातच नाही. चित्राच्या गुणवत्तेबद्दल तिची बरीच कुचेष्टा झाली. रुंद टोकाला सरळ रेषा पिंपासारख्या बाहेर फुगत, समोर दिवा आला की चित्र फिके पडे. तरीही ती प्रचंड खपली. टीकाकारांनी यातून खरे तर काहीतरी शिकायला हवे होते. लोकांना खिशातली तीन लेन्सची झोळी नको होती आणि त्यासाठी थोडी वाकडी रेषा त्यांना चालत होती.

आमच्याकडेही त्या पिढीतली एक जुनी झूम होती, दुसऱ्याच कंपनीची, पुढेमागे ढकलायची. कॅमेरा खाली वळवला की कडी आपोआप घसरायची. एका वर्गाच्या सामूहिक फोटोत तिने टोकाच्या मुलांना चांगलेच गुटगुटीत केले. दोन पावसाळे कोकणात काढल्यावर तिच्या आतल्या भिंगावर बुरशीची जाळी चढली आणि तिचा प्रवास संपला.

चौकट ३५ मिमीपर्यंत रुंद करायची तर आणखी एक अडचण होती: आरसा. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये उघडझाप करणारा आरसा असतो. निकॉनच्या कॅमेऱ्यात लेन्स बसते ती कडा फिल्मपासून ४६.५ मिमीवर. २८ किंवा ३५ मिमीच्या लेन्सचे शेवटचे भिंग फिल्मच्या जवळ यायला पाहते, पण मध्ये आरसा आडवा. आता आपल्या प्रयोगाकडे परत या. शेवटच्या स्थितीत नाभीय अंतर १५ सेमी होते, पण मागचे भिंग कागदापासून तब्बल २६.२५ सेमीवर. पुढे अंतर्गोल भिंग ठेवले की मागे अशी ऐसपैस जागा मिळते! कॅननने १९७३ साली आणलेली ३५-७० एफ २.८-३.५ ही लेन्स तत्त्वतः आपल्या दोन भिंगांसारखीच होती: पुढे अंतर्गोल गट, मागे बहिर्गोल गट. १९८५ साली मिनोल्टा ७००० हा स्वयंचलित फोकसचा कॅमेरा आला, त्याच्या जोडीलाही ३५-७० होती. ५० मिमीची जुनी 'नॉर्मल' लेन्स हळूहळू मागे पडली आणि कॅमेऱ्यासोबत झूम ही रीत होऊन गेली.

आरसा गेला २००८ साली. पॅनासॉनिकचा जी १ त्या वर्षी आला. त्याच्यासोबत १४-४५ मिमीची लेन्स होती, त्याचा संवेदक लहान असल्याने ती जुन्या हिशेबात २८-९० धरायची. पूर्ण चौकटीचे मिररलेस सोनीने २०१३ साली आणि निकॉन व कॅननने २०१८ साली आणले. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यात ते ४६.५ मिमीचे अंतर १६ मिमीवर आले. मागचे मोठे भिंग आता संवेदकाच्या अगदी जवळ नेता येते, त्यामुळे २४ मिमीची रुंद बाजू पूर्वीइतकी जड जात नाही.

पण आरसा गेल्याचा दुसरा परिणाम आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. पूर्वी छायाचित्रकार लेन्समधून आलेला प्रकाश थेट पाहत असे, रेषा वाकली की त्याला दिसे. आता तो छोट्या पडद्यावर संगणकाने दुरुस्त केलेले चित्र पाहतो. लेन्स रेषा किती वाकवते, कोपरे किती काळवंडते याची नोंद लेन्सच्याच स्मृतीत असते आणि कॅमेरा त्याप्रमाणे चित्र ताणून सरळ करतो. म्हणून रचनाकार आता रेषा सरळ ठेवण्यासाठी जास्तीचे भिंग घालत नाहीत, ते काम गणितावर सोडतात. त्याची किंमत म्हणून कोपऱ्यांतला बारकावा थोडा ताणला जातो. तीच गोष्ट फोकसची. ज्या स्थिर प्रतिमेसाठी बॅक आणि आंजेनिये झगडले, ती आजच्या अनेक झूममध्ये काटेकोरपणे स्थिर नसते. कडी फिरवली की ती ढळते, आणि एक छोटी मोटर क्षणार्धात ती परत जागेवर आणते. काही जण याला लबाडी म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. खाचेने करायचे काम मोटरने केले इतकेच.

मात्र एक काम कोणत्याही गणिताला करता येत नाही, ते म्हणजे लेन्समध्ये न आलेला प्रकाश आणणे. सरांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत येणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ७० मिमीला एफ २.८ म्हणजे व्यास २५ मिमी, तर ७० ला एफ ५.६ म्हणजे १२.५ मिमी. क्षेत्रफळात चौपटीचा फरक. शाळेच्या सभागृहात ट्यूबलाइटच्या उजेडात महाग लेन्सने सेकंदाच्या १२५ व्या भागात जो फोटो निघेल, त्याला स्वस्त लेन्स त्याच टोकाला सेकंदाचा तिसावा भाग मागेल. कॅमेऱ्यातली हात स्थिर करणारी सोय आपला हात सावरते, मंचावर नाचणाऱ्या मुलीचा हात नाही. आणि छिद्र मोठे झाले की प्रत्येक भिंगाच्या कडेकडूनही किरण आत येतात. कडेचे किरण सर्वांत बेशिस्त. त्यांना वळणावर आणायला अधिक भिंगे, महाग काच, जास्त वजन. ही शिस्त २४ पासून ७० पर्यंत सगळीकडे पाळायची, म्हणून एफ २.८ ची धाव सहसा ७० च्या आसपास थांबते. पैसे जातात ते धावेसाठी नव्हे, उजेडासाठी.

सरांना आम्ही सुचवले, की शाळेने गेल्या वर्षी मोबाइलवर काढलेले सगळे फोटो काढून बसा आणि कुठे, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात काढले याचे ढीग करा. निम्म्याहून अधिक फोटो चार भिंतींच्या आतले आणि पाठ भिंतीला टेकवून काढलेले निघाले. आमचे मत असे पडले, की स्वस्त २८-७० घ्यावी आणि उरलेल्या पैशांत ५० मिमीची न हलणारी एफ १.८ लेन्स घ्यावी. ती स्वस्त असते, आणि एफ ५.६ च्या सुमारे दहापट प्रकाश घेते. झूमचा इतिहास सांगून शेवटी बिनझूमची लेन्स सुचवायची, हे थोडे विचित्र होते खरे.

सरांनी ते मानले नाही. त्यांचे म्हणणे असे: शाळेच्या मैदानावर धूळ, कॅमेरा हाताळणार आठवी-नववीची मुले. लेन्स बदलताना मिररलेसचा संवेदक उघडा पडतो. "ती धूळ पुसायला मी कुठे जाऊ? एकच लेन्स बसवायची आणि ती काढायची नाही." त्यांनी २४-१०५ एफ ४ घेतली आणि संमेलनाला मंचावर दोन जास्तीचे दिवे लावायचे ठरवले. हा विचार आम्हाला सुचला नव्हता, याची इथे कबुली देतो.

लेन्स आल्यावर मुलांनी दोन भिंगांचा तो प्रयोग केला आणि पुढच्या भिंगाच्या चालीचा आलेख काढला. तो मागे जाऊन परत पुढे आला. मग त्यांनी नव्या लेन्सच्या तोंडाला पट्टी लावली आणि २४ पासून १०५ पर्यंत कडी फिरवत मापे घेतली. तिचे तोंड कुठेही मागे आले नाही, सरळ पुढेच जात राहिले. असे का, म्हणून त्यांनी आम्हाला पत्र पाठवले. कारण अशा लांब धावेच्या लेन्समध्ये सर्वांत पुढचा गट बहिर्गोल असतो आणि अंतर्गोल गट त्याच्या मागे, म्हणजे दोन भिंगांनी हे दाखवता येणार नाही, किमान तीन लागतील. प्रयोगशाळेच्या कपाटात २५ सेमीचे आणखी एक बहिर्गोल भिंग सापडल्याचे सरांनी नुकतेच कळवले आहे.